कागदी पिशव्यांचे तळ

१

गांजा विषारी निघाला आणि फोन आला मला! म्हणजे बघा. पब्लिक ॲनालिस्टच्या, म्हणजे अन्नाचे नमुने तपासणाऱ्या सरकारी लॅबमध्ये उभं आयुष्य घासून मी रिटायर झाले, गुडघे तर त्याच्याही आधी गेले होते. दिवाळी तोंडावर आली होती आणि मी चकलीची भाजणी भाजत होते. एका हातात उलथणं, एका हातात फोन.

"शशीताई, छोटंसं काम आहे," मिलिंद खाडिलकर म्हणाला. "एका दिवसाचं. तुमची फक्त सही हवी."

"फक्त सही" म्हणणाऱ्याला मी आयुष्यात कधी भीक घातलेली नाही. पण मिलिंद माझ्या हाताखाली शिकलेला. नॉटिंगहॅमला आला तेव्हा पहिला महिनाभर माझ्या स्वयंपाकघरात जेवलाय. नाही म्हणवेना. भाजणी करपली ती करपलीच.

प्रकरण असं होतं. मिलिंदची बीस्टनजवळ स्वतःची लॅब आहे. तिकडे केंटमध्ये एका काचघरात सरकारी परवान्यावर गांजा पिकवतात. ओढायला नव्हे हो, औषधाच्या चाचण्यांसाठी. ज्यांचे स्नायू आखडतात त्या पेशंटसाठी त्याचा अर्क काढतात. आजारी माणसाच्या पोटात जायची वस्तू, म्हणून आधी ती मिलिंदकडे येते. कीटकनाशकाचा अंश आहे का, बुरशीचं विष आहे का, दोन्ही तपासायचं. यावेळी सहा पिशव्या आल्या आणि सहाही पिशव्यांत डेल्टामेथ्रिन सापडलं. किड्या-मुंग्यांना मारायचं औषध.

काचघरवाला खवळला. आम्ही एक थेंब फवारत नाही म्हणाला. त्याने त्याच मालातला स्वतःकडे ठेवलेला भाग दुसऱ्या लॅबला पाठवला. तिथे तो स्वच्छ निघाला. म्हणजे घाण मिलिंदच्या लॅबमध्येच लागली.

"कोणामुळे ते मला कळलंय," मिलिंद म्हणाला. "स्वराली देवतळे. नागपूरची मुलगी, नवीन आहे. तिला सस्पेंड केलंय, सोमवारी काढून टाकतोय. पण काचघरवाल्याला बाहेरच्या माणसाचा रिपोर्ट पाहिजे. तुम्ही एकदा नजर टाका आणि सही करा."

"तिचं पुढे काय?"

 "वर्क परमिट या नोकरीवरच आहे. परत जावं लागेल."

मी गॅस बंद केला.

२

शुक्रवारी सकाळी बसने गेले. बीस्टनच्या स्टॉपपासून चालताना उजवा गुडघा माझ्याशी बोलत नव्हता, डावा नुसता शिव्या देत होता.

लॅब मात्र छान ठेवलीय पोराने. दारावर मोठी पाटी होती, आत कुठलीही पावडर आणायची नाही. टाल्कम नको, मेकअप नको, हातमोजेसुद्धा बिनपावडरचे. बरोबरच आहे. इथे मापतात ते इतकं बारीक की एक शिंक महागात पडेल. आत ओळीने यंत्रं मांडलेली आणि प्रत्येकाच्या बाजूला वाळलेलं हळदीकुंकवाचं बोट.

"दसऱ्याची यंत्रपूजा," मिलिंद ओशाळून हसला. "माई ऐकत नाही. दरवर्षी येते."

माई म्हणजे त्याची आई. मिरजेहून आणलेली, ऐंशीच्या पुढची. लाखालाखाच्या यंत्रांना कुंकू लागलेलं बघून मला उगाचच बरं वाटलं. मग त्याने आपली थिअरी मांडली.

"स्वराली लेंटनला एका जुनाट घरात भाड्याने राहते. घरात झुरळं आहेत, तिने स्प्रे मारला. तोच कपड्यांवरून, हातावरून इथे आला. तिने स्वतः कबूल केलंय."

"काय कबूल केलंय?"

"स्प्रे मारल्याचं."

"म्हणजे झुरळं मारल्याचं कबूल केलंय," मी म्हटलं. "तिला बोलाव."

स्वराली घरीच होती, अर्ध्या तासात आली. तिशीच्या आतली, बारीक अंगाची, डोळे सुजलेले. समोर बसली आणि चहाचा कप दोन्ही हातांनी धरून ठेवला. प्यायली नाही.

"मावशी, मी घरून निघते तीच अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून. इथे आल्यावर कोट, हातमोजे, सगळं बदलते. मी काय वेडी आहे का हो? मला माहीत आहे ना कुठे काम करून राहिले ते." तिचा आवाज चढला आणि लगेच बसला. "अपूर्वचं तिकीट काढलंय. माझा नवरा. त्याने तिथली नोकरी सोडली. आता त्याला काय सांगू, मीच परत येते म्हणून? चोर ठरून?"

"चोर कोण म्हणालं?"

"निष्काळजी म्हणाले. आमच्या कामात ते चोरापेक्षा वाईट."

खरं होतं ते. निष्काळजी म्हणून हाकललेल्या केमिस्टला पुढे कुणी उभं करत नाही. ना इथे, ना नागपूरला.

"ब्लँक चालवला होतास?" मी विचारलं.

आमच्यात हा साधा नियम आहे. प्रत्येक खेपेला एक भांडं रिकामं चालवायचं. त्यात माल घालायचा नाही, बाकी सगळं तेच. तीच काच, तेच द्रावण, तेच हात. हात घाण असले तर रिकाम्या भांड्यातही घाण दिसते.

"चालवला ना! नेहमीच चालवते. फाइलला लावलाय." ती पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघत होती. "मावशी, तुमच्याआधी हे मला कोणीच विचारलं नाही."

मी उठले, यंत्राच्या कॉम्प्युटरवर तो ब्लँक उघडायला लावला. सपाट रेघ. डेल्टामेथ्रिनचा मागमूस नाही.

पोरीचे हात स्वच्छ होते. विष तिच्या टेबलावर लागलंच नव्हतं, पिशव्या तिच्याकडे आल्या तेव्हाच ते आत होतं.

३

"मग पिशव्या बदलल्या असतील," मिलिंद म्हणाला. त्याने फार पटकन म्हटलं ते.

"नाही बदलल्या. बुरशीची तपासणी बघ की. तुझ्याकडेही त्या मालात ऑक्रॅटॉक्सिनचा बारीकसा अंश आहे आणि दुसऱ्या लॅबमध्येही तेवढाच. चालण्याइतका कमी, पण आहे. माल तोच आहे रे. बुरशीचं विष तो काचघरातूनच घेऊन आलाय, आणि हे दुसरं मधे कुठेतरी चिकटलंय."

मधे म्हणजे कुठे? काचघरातून निघताना माल स्वच्छ होता, स्वरालीच्या टेबलावर येताना घाण. मधे एकच जागा. परवान्याच्या मालाची कुलूपबंद खोली. नियम कडक आहे. त्या खोलीच्या किल्ल्या दोनच, एक मिलिंदकडे आणि एक स्टोअर बघणाऱ्या समरकडे. ज्याचं नाव परवान्यावर नाही त्याने आत पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर परवाना गेला.

समर चाळिशीला टेकलेला, जन्म इथलाच. दोन मुलांचा बाप. माझ्यासाठी मराठी बोलायचा प्रयत्न करत होता बिचारा.

"काकू, मी पिशवी घेतली, वजन केली, शेल्फवर ठेवली, लॉक केला. दॅट्स इट."

"कागदाच्याच का रे पिशव्या? प्लॅस्टिक का नाही?"

"प्लॅस्टिकमध्ये गांजा घाम येतो. मग मोल्ड. टॉक्सिन होतो. म्हणून कागद, त्याला हवा लागते."

म्हणजे बुरशीला भिऊन कागद वापरला आणि कागदातून दुसरंच आत आलं. आगीतून उठून फुफाट्यात.

"खोलीत कधी स्प्रे मारला? मुंग्या झाल्या होत्या?"

"नो वे. पेस्ट कंट्रोल अलाउड नाही. आपण पेस्टिसाइड टेस्ट करतो, काकू!"

"तुझ्याशिवाय आणि मिलिंदशिवाय आत कोण गेलं होतं?"

समरने टेबलावरचा पेन उचलला, टोपण काढलं, लावलं, परत काढलं. "कोणी नाही. कोणी अलाउड नाही."

"अलाउड नाही ते मला कळलं. गेलं कोण?"

"काकू, प्लीज. माझी नोकरी पण आहे."

खोटं बोलता न येणारी माणसं मला आवडतात, पण त्या दिवशी मला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. त्याला म्हटलं, चल, खोली दाखव, मी उंबऱ्याबाहेर उभी राहीन.

त्याने कुलूप काढलं. समोर करड्या रंगाच्या फळ्या. वरच्या फळीवर नेहमीसारखी धूळ, खालच्यावरही धूळ. मधली फळी मात्र लख्ख पुसलेली. सहा पिशव्या एका कोपऱ्यात कशाही रचून ठेवल्या होत्या.

"मधलीच फळी का पुसलीस?"

"मी नाही पुसली." समरने दोन्ही हात वर केले. "ऑनेस्ट. मी परवा आलो तर पुसलेला होता."

किल्ल्या दोनच. याने पुसली नाही. मग पुसली मिलिंदने. आणि मालकाला फडकं हातात घ्यायची बुद्धी का व्हावी? मी दारातच उभी होते, कंबर धरून. दार मागे ढकललं तर दाराच्या आतल्या अंगाला, कुलपाच्या वर, हळदीकुंकवाचं एक बोट होतं.

४

दसऱ्याला त्या खोलीत कोण गेलं होतं ते सांगायला आता समरची गरज नव्हती. पण तेवढ्याने विष सापडत नव्हतं. हळदीत डेल्टामेथ्रिन नसतं, कुंकवात नसतं, झेंडूत नसतं. आणि ऐंशीच्या बाईने फवाऱ्याचा डबा घेऊन लॅबमध्ये जायचं कारण नाही.

शनिवारी मिलिंद लॅबवर असताना मी त्याच्या घरी गेले. फराळाचा डबा हातात होता, म्हणजे खोटं कारण नव्हतं. करपलेल्या भाजणीच्या चकल्या. माईंनी एक चाखली आणि "खमंग आहे हो" म्हणाल्या. फार भली बाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एकाचं ऑपरेशन व्हायचंय, पण मला खुर्चीवर बसवून स्वतः चहा केला.

"दसरा झाला का नीट?" मी विचारलं.

"झाला बाई. यंत्रांची पूजा केली. मिलिंद आपला घाईत, आटप माई, आटप माई. मी म्हटलं, ज्याच्यावर पोट आहे त्याला नमस्कार नको का करायला? तिथे ती नागपूरची पोर आहे ना, स्वराली? माझ्या पाया पडली. एवढ्या लांब एकटी राहते. मी तिच्यासाठी वेगळी पूजा घातली."

"वेगळी म्हणजे?"

"तिला विचारलं, तुझा माल कुठे असतो गं, तू तपासतेस तो? ती म्हणाली, त्या आतल्या खोलीत असतो, मलासुद्धा आत जाता येत नाही. मी मिलिंदला म्हटलं, उघड. तो नाही म्हणत होता. मी म्हटलं, मी काय चोर आहे? शेवटी उघडली दोन मिनिटं. फळी आपली रिकामी. नवा माल उद्या येणार म्हणाला. रिकामी फळी बघवेना मला, म्हणून कमळ काढलं. म्हटलं, देवा, हिच्या हाताला यश दे."

माझ्या हातातला चहा निवत होता. "रांगोळीने काढलंत?"

"छे गं! रांगोळी कुठली नेऊ देतोय तो. पावडर चालत नाही म्हणे, तशी पाटीच लावलीय. मग काय, होता खडू पर्समध्ये, त्याने काढलं. खडू उडत नाही."

मी मागच्या दाराकडे बघत राहिले. बागेत जायचं ते दार, आणि त्याच्या उंबऱ्यावर आडवी पांढरी रेघ. थेट अशीच रेघ माझ्या बहिणीच्या घरी सांगलीला ओट्याच्या कडेने असते.

"माई," मी विचारलं, "ही रेघ कसली?"

"मुंग्या गं. उन्हाळ्यात फार झाल्या होत्या. मिरजेहून येताना मुंग्यांच्या खडूचा अख्खा पुडा आणलाय. इथे मिळत नाही. एक पर्समध्येच टाकून ठेवते, कुठे लागला तर." त्यांनी चष्मा पुसला. "का गं? तुला हवाय?"

"कमळ पण त्यानेच काढलंत?"

"हो. पांढरं उठल्याशी कारण. देवाला काय, हा खडू काय आणि तो खडू काय."

त्यांनी पर्समधून तो खडू काढून माझ्या तळहातावर ठेवला. त्याचा पुडा कपाटातून आणून दाखवला. मला चष्मा लावायचीही गरज पडली नाही. पुड्यावर औषधाचं नाव ठळक छापलेलं होतं, डेल्टामेथ्रिन.

५

अशा वेळी मला आनंद व्हायला हवा, नाही का? कोडं सुटलं. पण खरं सांगते, मला नुसता थकवा आला. बसस्टॉपवरच्या बाकावर बसून राहिले, दोन बसेस गेल्या. एका बाजूला ती पोर, दुसऱ्या बाजूला ही म्हातारी, आणि मधे माझ्या हाताखाली वाढलेला मिलिंद.

आणि एक गोष्ट मला डाचत होती. माईंचा खडू म्हणजे अपघात. पण फळी पुसली तो अपघात नव्हता.

तिसऱ्या बसने लॅबवर गेले. मिलिंद एकटाच होता.

"झाला रिपोर्ट?" त्याने पेन पुढे केलं.

"त्या सहा पिशव्या बाहेर आण."

"कशाला?"

"आण म्हटलं ना."

पिशव्या अजून होत्या याचं कारणही कायदाच. परवान्याचा माल साक्षीदाराशिवाय नष्ट करता येत नाही, ग्रॅमग्रॅमचा हिशोब द्यावा लागतो. फळी पुसता आली, पिशव्या जाळता आल्या नाहीत. त्याने त्या टेबलावर ठेवल्या. प्रत्येकीवर समरच्या हातचा नंबर होता. समर शिस्तीचा माणूस. माल आला त्या दिवशी त्याने त्या नंबरानेच फळीवर लावल्या असणार, तीन मागे, तीन पुढे, एकमेकींना चिकटवून. माईंची पूजा म्हणून खालचं कमळ पुसायचा धीर त्याला झाला नसणार. मी तशाच मांडल्या. मग एकेक करून पालथ्या केल्या, आणि डावीकडची उजवीकडे, उजवीकडची डावीकडे ठेवली, ठसा आरशासारखा उलटा असतो म्हणून.

पहिल्या पिशवीच्या तळाला एक पांढरी वेलांटी होती. दुसरीच्या तळाला दोन. सुट्या बघितल्या तर कुणी म्हणालं असतं, कुठेतरी चुना लागलाय. पण सहा तळ शेजारी शेजारी आले आणि तपकिरी कागदावर अख्खं कमळ उमटलं. आठ पाकळ्या, मधे टिंब. उलटं उमटलेलं, ठिकठिकाणी पुसट, पण माईंचा हात ओळखू येत होता.

मिलिंद खुर्चीत बसला. 

"मी भेटून आले माईंना," मी म्हटलं. "खडू बघितला. तुला कधी कळलं?"

"पुसताना नाही कळलं, ताई. देवाशपथ. काचघरवाला म्हणाला इन्स्पेक्शन मागवतो, म्हणून मी आत जाऊन बघितलं तर माईचं कमळ. माई आत आली होती हे कळलं तर परवाना जातो. म्हणून पुसलं. मग घरी गेलो, माई मागच्या दारात बसून रेघ ओढत होती. तेव्हा..." त्याने तोंडावरून हात फिरवला. "तोपर्यंत स्वरालीला लेटर दिलं होतं."

"लेटर मागे घेता येतं."

"आणि सांगू काय? आईला कंट्रोल्ड खोलीत नेलं म्हणून? परवाना गेला तर लॅबचं अर्धं काम जाईल. माणसं आहेत इथे, समर आहे. स्वराली हुशार आहे ताई, तरुण आहे, तिला कुठेही मिळेल. मी स्वतः रेफरन्स देईन, चांगला देईन."

"निष्काळजी म्हणून काढायचं आणि वर चांगला रेफरन्स? चोर सोडून संन्याशाला सुळी आणि वर सुळीला झेंडूची माळ! काय बोलतोस तू मिलिंद?" माझा आवाज चढला. "आणि मला का बोलावलंस? गावात दुसरे ऑडिटर मेले होते?"

तो माझ्याकडे बघेना.

"मी सांगते का ते. तुला वाटलं म्हातारी दमलीय. गुडघे दुखतायत, दिवाळी आहे, आपल्या घरचंच पोर आहे, करेल सही आणि जाईल. खरं ना?"

"खरं," तो म्हणाला.

मला रडायलाच आलं, आणि रडताना गुडघ्याला हात लावला म्हणजे त्याला वाटावं गुडघाच दुखतोय.

"दमले आहेच मी," मी म्हटलं. "पण सही मी जे बघितलं त्याच्या खाली करणार. सोमवारी तू सांगितलंस तर तुझ्या तोंडून, नाहीतर माझ्या रिपोर्टातून. तुला जे बरं वाटेल ते कर."

"माईला सांगू नका," तो एवढंच म्हणाला.

६

सोमवारी मी पुन्हा गेले. जायची गरज नव्हती, पण घरी बसवेना.

छोट्या मीटिंग रूममध्ये आम्ही तिघंच होतो. स्वराली आवरून आली होती, सोबत मोठी बॅग. कपाटातलं सगळं न्यायच्या तयारीने. टेबलावर कागदाने झाकलेल्या सहा पिशव्या.

मिलिंदने कागद काढला. त्याने सगळं सांगितलं. माई, खोली, खडू, फडकं. आडपडदा ठेवला नाही, हे मी त्याच्या बाजूने नक्की सांगेन. परवान्याच्या ऑफिसला सकाळीच स्वतः कळवलंय म्हणाला. काचघरवाल्यालाही फोन केला, माल वाया गेला त्याची भरपाई लॅब देईल. परवाना बहुतेक जाईल. तुझं लेटर मागे घेतोय, तुझी काही चूक नव्हती, मी तुझी माफी मागतो.

स्वराली त्या कमळाकडे बघत होती. मला वाटलं रडेल, नाहीतर हुश्श म्हणेल. ती म्हणाली, "सर, माझा ब्लँक स्वच्छ होता."

"हो."

"तो तुम्ही बघितला होता का? लेटर द्यायच्या आधी?"

मिलिंदने माझ्याकडे पाहिलं. मी मदत केली नाही. ते उत्तर त्याचं होतं.

"बघितला होता," तो म्हणाला.

"म्हणजे माईंचा खडू तुम्हाला माहीत नव्हता, तेव्हाही मी नाही हे तुम्हाला माहीत होतं."

"कोणाला तरी दोषी दाखवायला हवं होतं, स्वराली. काचघरवाला मागे लागला होता. तू नवीन होतीस."

 बाहेर समरने ट्रॉली ढकलत नेली त्याचा आवाज आला. मी पुष्कळ ऑडिट केलीत, पुष्कळ खोट्या आकड्यांना पकडलंय. इतकं साधं, इतकं खरं आणि इतकं लाजिरवाणं वाक्य कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

स्वराली उठली. बॅग उचलली, पुन्हा खाली ठेवली. नोकरी राहिली होती, परमिट राहिलं होतं, अपूर्व येणार होता. तिला हवं होतं ते सगळं मिळालं होतं आणि तिच्या चेहऱ्यावर त्यातलं काही नव्हतं.

"मी काम करीन," ती मिलिंदला म्हणाली. "दुसरी नोकरी मिळेपर्यंत. मग जाईन. रेफरन्स मात्र खरा द्या, सर. चांगला नको."

तो मान खाली घालून निघून गेला.

आम्ही दोघीच राहिलो. ती कमळाच्या पाकळीवर बोट नेत होती. मी म्हटलं, हात लावू नकोस, विष आहे. त्यावर ती थोडी हसली.

"मावशी, पण माईंनी हे काढलं का होतं तिथे? त्या खोलीत तर देव पण नाही."

सांगावं की नाही, मला कळेना. न सांगणं सोपं होतं. पण त्या आठवड्यात न सांगणाऱ्यांनीच सगळा घोळ केला होता.

"तू त्यांच्या पाया पडलीस ना दसऱ्याला?" मी म्हटलं. "त्यांनी देवाला सांगितलं, या पोरीच्या हाताला यश दे. तिचा माल जिथे येतो तिथे. म्हणून काढलं."

स्वराली खाली बसली आणि मग रडली. शुक्रवारपासून अडवून धरलेलं सगळं रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला रडू दिलं.

"माईंना सांगू नका हं," नाक पुसत ती म्हणाली. "खडूचं."

मिलिंद नेमकं हेच म्हणाला होता. त्याच्या तोंडून ते ऐकून माझं डोकं भणाणलं होतं. हिच्या तोंडून ऐकलं तेव्हा मी नुसती हो म्हणाले.

मग डबा काढून तिच्यापुढे ठेवला. माईंनीच दिला होता, तिच्यासाठी, शनिवारी निघताना. शेव आणि अनारसे. तिने झाकण उघडलं, एक अनारसा घेतला, उलटा करून त्याचा तळ बघितला. केमिस्टची सवय. मग खाल्ला.